उडत्या घारीचे चित्र

घार कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. अंगणात कोंबडी पिले घेऊन फिरू लागली, की घरातली म्हातारी आधी आभाळाकडे बघते. पण त्याच घारीचा उडताना फोटो काढायला सांगा, म्हणजे पाहा कशी पंचाईत होते! बहुतेकांच्या फोटोत नुसता काळा ठिपका येतो. कावळा की घार, तेही कळत नाही. असे का होते आणि चांगला फोटो कसा काढावा, ते आज पाहू.

त्यासाठी आपण ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये जाऊ. ही कारखान्यांची वसाहत. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींत हिची गणना होते. गावोगावची माणसे इथे पोटासाठी आली. पुढे पुष्कळ कारखाने गेले, कचेऱ्या आणि उंच इमारती आल्या. घारी मात्र राहिल्या. जवळच येऊरचे डोंगर, पलीकडे ठाण्याची खाडी, आणि शहराचा कचरा खायला आहेच. घारीला आणखी काय हवे?

शिवाय इथे पत्र्याची छपरे आणि डांबरी रस्ते आहेत. ऊन वर आले की ते तापतात. त्यांच्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर चढते, चुलीचा धूर चढतो तशी. या चढत्या हवेवर घार पंख पसरून बसते आणि गोल गोल फिरत उंच जाते. पंख मारायचे कष्टच नाहीत. फुकटची गाडी! म्हणून फोटो काढणाऱ्याने सकाळीच जावे. हवा पुरती तापायच्या आधी घारी खाली, छपरांच्या उंचीवर असतात. दुपारी त्या इतक्या वर जातात, की मान दुखते आणि हाती काही लागत नाही.

सकाळी सूर्य पूर्वेला. त्याच्याकडे पाठ करून डोंगराकडे तोंड करावे, म्हणजे घारीच्या अंगावर उजेड पडतो. हिवाळ्यात सकाळचा वाराही बहुधा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. पाखरू उठताना आणि बसताना वाऱ्याला तोंड देते. म्हणजे वारा आपल्या पाठीशी असला, की घारीचे तोंड आपल्याकडे! पाठमोऱ्या पाखराच्या फोटोत काही मजा नाही.

आता काळ्या ठिपक्याचे कारण. कॅमेऱ्याला घार ठाऊक नाही. तो सगळ्या देखाव्याचा उजेड मोजतो. आभाळ लख्ख असते, म्हणून तो उजेड कमी आत घेतो. घार मुळात तपकिरी, त्यात तिचे पोट सावलीत. ती काळीठिक्कर येते. भर उन्हातून माजघरात पाऊल टाकल्यावर आपल्याला काही दिसत नाही, तसेच हे. उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असते. ती अधिककडे न्यावी. मोबाइलवर घारीवर बोट टेकले, की पुष्कळदा छोटा सूर्य दिसतो. तो वर सरकवावा. आभाळ थोडे पांढरे पडेल, पडू द्या. आपल्याला आभाळाचा फोटो काढायचा नाही.

दुसरी अडचण वेगाची. फोटो धुरकट येऊ नये म्हणून कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागात, शक्य तर त्याहून लवकर उघडून मिटली पाहिजे. आणि हात थांबवू नये. गोफण मारणारा पळत्या जनावरावर नजर ठेवून अंग वळवतो, तसा कॅमेरा घारीबरोबर फिरवत न्यावा आणि फिरता फिरताच कळ दाबावी. कळ दाबली तरी फिरणे चालूच ठेवावे. एत्येन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ साली यासाठी चक्क बंदुकीसारखा कॅमेरा केला होता! त्यातून गोळी सुटत नसे. सेकंदाला बारा चित्रे निघत. पाखरू पंख कसे हलवते ते त्याला पाहायचे होते.

मांसाचे तुकडे फेकून घारींना जवळ बोलावणारेही लोक आहेत. ते आम्हाला पसंत नाही. फोटो मिळतो, पण घारीला माणसाच्या हाताकडे झेपावायची सवय लागते.

घरी आल्यावर फोटो निवडावेत. शंभरातले चार-पाच चांगले निघाले तरी पुष्कळ झाले. डोळा स्पष्ट आहे का, एवढेच आधी बघावे. मग संगणकावर किंवा मोबाइलवर कडेचा नको तो भाग कापावा, पण घारीच्या तोंडापुढे आभाळ मोकळे ठेवावे. सावलीतला भाग हळूहळू उजळावा. म्हणजे दुभंगलेले शेपूट आणि पंखाखालचा फिकट पट्टा दिसू लागतो. शेपूट गोलसर, डोके पांढरे आणि अंग विटकरी दिसले, तर ती ब्राह्मणी घार. ती खाडीकडे जास्त दिसते. फोटो जास्त धारदार करायला जाऊ नये. पंखांभोवती पांढरी कड उमटते आणि घार कागदातून कातरल्यासारखी दिसते.

आणि पुसणे? याबद्दल आम्ही थोडे कडक आहोत. समजा, पंखावर एक बारीक रेघ दिसली. फोटो खराब दिसतो म्हणून बोटाने ती पुसून टाकता येते. पण थांबा. ती मांजाची दोरी असू शकते. संक्रांत झाल्यावर तुटके मांजे झाडांवर आणि तारांवर लोंबत राहतात, आणि घारीच्या पंखात अडकून तिला कापतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. तरी तो चोरून विकला जातो. उंच उडणाऱ्या घारीच्या पंखातला दोरा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, फोटोत दिसतो.

पंखात पिसे कमी दिसली तरी लगेच घाबरू नये. जुनी पिसे झडून नवी येतात, तेव्हा बहुधा दोन्ही पंखांत सारख्याच जागी खाच दिसते. एकाच पंखात खाच असेल, पंख लोंबत असेल किंवा दोरा दिसत असेल, तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. जखमी घार खाली पडली असेल, तर तिच्या पायांना जपावे. नख्या फार तीक्ष्ण असतात. जाड कापड टाकून झाकावी आणि हवेची भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवावी. तोंडात पाणी ओतू नये.

कळवताना दोन फोटो पाठवावेत. एक घारीचा, जवळून, न पुसलेला. दुसरा दुरून, ज्यात ती बसलेली इमारत, टाकी किंवा झाड दिसेल असा. वागळे इस्टेटमध्ये रस्त्यांना नंबर आहेत. तो नंबर आणि वेळ खाली लिहावी.