कार्बनी संयुगांची घराणी

खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी रसायनी नावाचे ठिकाण आहे. १९६० साली स्थापन झालेल्या ‘हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स’ या सरकारी कंपनीचा कारखाना येथे होता. २०१७ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय झाला. तेथील मालाची नावे ऐका : नायट्रोबेंझीन, ॲनिलीन, फॉर्माल्डिहाइड. विद्यार्थिमित्रांनो, अशी नावे वाचली की तुमच्या पोटात गोळा येतो ना? माझा विषय पदार्थविज्ञान. तुमच्या वयात मलाही येत असे.

पण कार्बनी संयुगे लक्षावधी असली तरी ती पाठ करायची नसतात. गावातली माणसे आपण आडनावावरून ओळखतो, तसा येथे क्रियात्मक गट ओळखायचा. कार्बनची साखळी लांब असो की आखूड, घराण्याचा स्वभाव बहुतांशी हा गट ठरवतो.

सर्वांत साधा मिथेन घ्या. एका कार्बनभोवती चार हायड्रोजन. त्यांतला एक काढून तेथे ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, बसवा. झाले मिथिल अल्कोहोल, म्हणजेच मिथेनॉल. मिथेन उणे १६२ अंश सेल्सिअसला उकळतो, तर मिथेनॉल ६५ अंशांना! रेणू जड झाला म्हणून असे झाले, असे तुम्ही म्हणाल. मग इथेन पाहा. त्याचा रेणुभार ३०, मिथेनॉलचा ३२. म्हणजे जवळजवळ सारखाच. तरी इथेन उणे ८९ अंशांनाच उकळतो. तेव्हा कारण वजनात नाही. हायड्रॉक्सिल गटातला हायड्रोजन किंचित धनभारित असतो आणि तो शेजारच्या रेणूतल्या ऋणभारित ऑक्सिजनकडे ओढला जातो. अशा हातात हात घातलेल्या रेणूंना सोडवायला जास्त उष्णता लागते. पाण्याशीही ते असेच हात मिळवतात, म्हणून मिथेनॉल पाण्यात सहज मिसळते. मिथेनला ते जमत नाही. (रसायनशास्त्राच्या पुस्तकात असे पदार्थविज्ञान भेटले की मला बरे वाटते.)

आता मिथेनॉलचे ऑक्सिडीकरण करा. प्रथम मिळते फॉर्माल्डिहाइड. हे अल्डिहाइड घराणे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडूक ज्या फॉर्मॅलीनमध्ये ठेवतात, ते याचेच पाण्यातले द्रावण. आणखी ऑक्सिडीकरण केले की फॉर्मिक आम्ल. कर्जतच्या आमराईत पाने जोडून घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्या चावल्यावर जी आग होते, ती याच आम्लामुळे. ‘फॉर्मिका’ म्हणजे लॅटिनमध्ये मुंगीच.

अल्कोहोल, अल्डिहाइड, आम्ल हा प्रवास आपल्या यकृतातही घडतो, आणि येथे एका कार्बनचा फरक जीवावर बेततो. दोन कार्बनच्या इथेनॉलपासून अखेर ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, तयार होते आणि शरीर ते वापरून टाकते. मिथेनॉलपासून मात्र फॉर्मिक आम्ल होते. त्याचा निचरा सावकाश होतो, ते साचते आणि डोळ्यांच्या मज्जातंतूंना इजा करते. माणूस आंधळा होतो किंवा दगावतो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. दोन्ही अल्कोहोले रंगहीन, दोन्हींचा वास जवळपास सारखा. जिभेला किंवा नाकाला फरक कळेल, या भरवशावर कोणी राहू नये. प्रयोगशाळेतली स्पिरिटची बाटली हाताळतानाही हे विसरू नका.

आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून एस्टर होतात. पिकलेल्या केळ्याचा वास हे त्यांचेच काम.

राहिली अमाइने. यांच्या रेणूत नायट्रोजन असतो आणि तो आम्लाला धरून ठेवतो. रसायनीचे ॲनिलीन या घराण्यातले. त्याच्या नावात आपली ‘नीळ’ दडली आहे, कारण प्रथम ते निळीपासूनच मिळवले गेले. ॲनिलीन पाण्यात फारसे विरघळत नाही, पण हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की त्याचा क्षार होऊन ते विरघळते. ॲनिलीन विषारी आहे, तेव्हा हे नुसते वाचा. करून पाहायचे तर स्वयंपाकघरात जा. मासळीचा उग्र वास ट्रायमिथिल अमाइनचा. आई मासळीला लिंबू किंवा चिंचेचा कोळ चोळते, तेव्हा त्यातले आम्ल अमाइनला धरते. तयार झालेला क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास नाकापर्यंत पोचत नाही. एक तुकडा तसाच ठेवा, दुसऱ्याला लिंबू लावा आणि पाच मिनिटांनी दोन्ही हुंगून पाहा.