आधी रिकामी तागडी पाहावी



पुण्याच्या महात्मा फुले मंडईत आपण सकाळी लवकर गेलात, तर एक गोष्ट मुद्दाम पाहा. जुन्या धाटणीची तागडी वापरणारी भाजीवाली पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वी रिकामी तागडी उचलते, दांडी डोळ्यांसमोर धरते आणि दोन्ही पारडी सारखी राहतात की नाही ते पाहते. एक पारडे खाली गेले, तर दुसऱ्याच्या दोरीला ती एखादी चिंधी किंवा लहानसा खडा बांधते. तागडीतल्या या फरकाला, आणि तो भरून काढायला बांधलेल्या वजनालाही, पासंग म्हणतात. आता पुष्कळ गाळ्यांवर विजेचे काटे आले आहेत. पण त्यांच्यावरही माल ठेवण्यापूर्वी शून्य दिसावे लागते. माझी आई मंडईबाहेर पथारीवर पालेभाजी विकत असे. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आणायचा, जुड्या बांधायच्या, आणि मग तागडी पाहायची. ‘पासंग’ हा शब्द मी शाळेत जाण्यापूर्वीच शिकलो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला आपल्या समाजाला धम्मदीक्षा दिली. त्याच वर्षी देशात वजनमापांचा नवा कायदा झाला आणि पुढे शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. शेराची लोखंडी वजने गेली, तरी मंडईत आजही ‘पावशेर मिरच्या द्या’ हे शब्द ऐकू येतात. दीक्षा घेतलेल्या घरातही असेच होते. भिंतीवरच्या तसबिरी एका दिवसात बदलता येतात. मनातली जुनी वजने मात्र ज्याची त्याने शोधून काढावी लागतात. ते काम भन्तेजी करून देऊ शकत नाहीत, की पुढारीही करून देऊ शकत नाहीत. त्या शोधण्यालाच आपण येथे आत्मपरीक्षण म्हणू. (या शब्दात ‘आत्मा’ आहे म्हणून कोणी दचकू नये. पालीत यासाठी ‘पच्चवेक्खण’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ स्वतःचे करणे पुन्हा पुन्हा न्याहाळणे, एवढाच.)

तथागतांनी हा पाठ प्रथम आपल्या मुलाला दिला. मज्झिम निकायात राहुलाला केलेल्या उपदेशाचे एक सुत्त आहे. राहुल वयाने लहान होता. भगवंतांनी पाय धुतल्यावर भांड्यात थोडे पाणी ठेवले आणि ते दाखवून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणत्व किती उरते ते सांगितले. मग ते पाणी फेकले, भांडे उपडे केले, आणि प्रत्येक वेळी तोच मुद्दा पटवला. त्यानंतर त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? न्याहाळण्यासाठी, असे राहुल म्हणाला. तसेच प्रत्येक कृत्य न्याहाळावे, असे भगवंत म्हणाले : करण्यापूर्वी, करीत असताना आणि करून झाल्यावर. कसोटी एकच. यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होते काय? होत असेल तर थांबावे. होऊन गेले असेल तर जाणत्या माणसापुढे कबूल करावे आणि पुढे सांभाळावे. मी शिक्षक आहे, म्हणून मला या सुत्तातले एक विशेष वाटते. भगवंतांनी राहुलाला हे करू नको, ते करू नको अशी लांबलचक यादी दिली नाही. यादी पाठ करणारे मूल यादी देणाऱ्यावर अवलंबून राहते. तपासायला शिकलेले मूल बापाच्या पश्चातही चालू शकते. सम्राट अशोकाने वैराटजवळच्या शिलालेखात जी थोडी बुद्धवचने वारंवार ऐकावीत म्हणून सांगितली आहेत, त्यांत राहुलाला केलेल्या उपदेशाचा उल्लेख आहे. आणि ती केवळ भिक्खू-भिक्खुणींनी नव्हे तर उपासक-उपासिकांनीही ऐकावीत, असे तो म्हणतो.

आता एक शंका आपल्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. आपल्याला पिढ्यान् पिढ्या हेच सांगितले गेले की तुमच्या हालांना तुम्हीच कारण, हे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ. मग पुन्हा स्वतःकडेच पाहायचे कशाला? दोष तर ज्यांनी आपल्याला पाणी दिले नाही त्यांचा आहे!

या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मागच्या जन्माचे पाप कोणी पाहिले नाही आणि ते कोणाला सुधारताही येत नाही. म्हणूनच ती शिकवण माणसाला जागच्या जागी बसवते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही समजूत बुद्धाची नव्हे, असे स्पष्ट मांडले आहे. धम्मातले परीक्षण आज सकाळच्या कृत्याविषयी विचारते, कारण ते उद्या बदलता येते. आणि स्वतःची तागडी पाहिली म्हणून समोरच्याची खरी ठरत नाही.

हे मला पुस्तकातून कळले नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे ती बातमी सगळ्या वस्तीची झाली. शिकवणाऱ्यांपैकी एकाने वर्गात माझ्या आडनावावरून टोमणा मारला होता. ते खरे होते. मी जो भेटेल त्याला तेच सांगत सुटलो. आईने चार दिवस ऐकून घेतले. पाचव्या दिवशी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, “त्यानं टोमणा मारला, ते खरं. पण पुस्तक किती दिवस उघडलंस?” मी गप्प. ती म्हणाली, “त्याची तागडी खोटी, म्हणून तुझी खरी होत नाही रे बाळा.”

मला राग आला. पण रात्री वहीचे एक पान मधोमध दुमडले आणि एका बाजूला त्यांचे लिहिले, दुसऱ्या बाजूला माझे. त्यांच्या बाजूला टोमणा होता, आणि माझी शंका विचारायची हिंमत त्यामुळे गेली, हेही होते. माझ्या बाजूला अभ्यासाचे दिवस मोजले. ते अकरा निघाले. पान पाहिल्यावर दोन कामे स्वच्छ दिसली : टोमण्याविरुद्ध लेखी तक्रार करणे, आणि रोज दोन तास इंग्रजी वाचणे. चार दिवस गावभर सांगत फिरलो, त्यात यांतले एकही काम केले नव्हते. पुढच्या आठवड्यात दोन्ही सुरू केली. अर्जाचे फारसे काही झाले नाही. परीक्षेचे झाले.

जयंतीला चांगले भाषण ऐकले की अंगावर काटा येतो. तो उत्साह खोटा नसतो, पण दोन-चार दिवसांत ओसरतो, आणि मग आपण पुढच्या जयंतीची वाट पाहतो. आपल्या हाताने लिहिलेले अकरा दिवस मात्र दुसऱ्या सकाळी पुन्हा समोर येतात. सम्यक व्यायामात सांगितलेले प्रयत्न, म्हणजे आलेले वाईट घालवणे, न आलेले येऊ न देणे, चांगले उत्पन्न करणे आणि झालेले टिकवणे, हे आधी मोजल्याशिवाय सुरूच होत नाहीत. आलेले काय आणि न आलेले काय, हे कळणार कसे?

आईचीही एक गोष्ट सांगतो, तिच्या परवानगीने. दिवसाच्या पहिल्या विक्रीला मंडईत ‘भवानी’ म्हणतात. आमच्या घरात दीक्षा आजोबांच्या वेळची. तरी आई ते पहिले नाणे कपाळाला लावी. शब्दाशी माझे भांडण नाही, ‘पावशेर’सारखाच तो जिभेवर बसलेला आहे. पण पहिले गिऱ्हाईक घासाघीस करून तसेच निघून गेले, की ती म्हणे, आजचा दिवसच खराब. मग दुपारपर्यंत तिचा आवाजच निघत नसे आणि माल उरे. एकदा मीही पाणी मारलेल्या जुडीकडे बोट दाखवून विचारले, “आई, दिवस खराब की कोथिंबीर?” ती रागावली, मग हसली. त्यानंतर माल उरला की ती भवानीऐवजी तीन गोष्टी बघू लागली : यार्डात उशिरा पोहोचलो का, माल जास्त घेतला का, गिऱ्हाइकाशी तुसडेपणाने बोललो का. पावसाने बुडालेला दिवस ती वेगळा धरी. त्याचा दोष स्वतःकडे घेत नसे. मला वाटते, तिची खरी दीक्षा त्या दिवसांत झाली.

ज्या इमारतीभोवती हे सारे चालते, तिच्या नावाचीही आठवण ठेवावी. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या भव्य इमारतीवर पैसा घालण्याऐवजी तो शिक्षणावर घाला, असे त्यांनी सांगितले. ते मानले गेले नाही. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने मंडई उघडली, आणि पुढे तिला जोतीरावांचेच नाव मिळाले. नगरपालिकेने ऐकले नाही म्हणून त्यांचे काम थांबले नाही. ते स्वतः कंत्राटदारी करून कमावत होते. १८४८ साली येथून हाकेच्या अंतरावर भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली होती, आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून भटजीवाचून लग्ने लावून दाखवली होती. बाबासाहेब त्यांना गुरू का मानत, हे यावरून समजावे.

आता आपण घरी कसे करावे? रात्री वंदनेनंतर पाच मिनिटे पुरेत. लिहिता येणाऱ्याने पान दुमडून दोन बाजू कराव्यात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मथुरेच्या उपगुप्ताची गोष्ट आहे. तो सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचा मुलगा होता आणि दुकानात बसत असे. अशोकावदानात सांगितले आहे की मनात मलिन विचार आला की काळा तुकडा आणि चांगला आला की पांढरा तुकडा बाजूला ठेव, असे त्याला स्थविर शाणकवासींनी शिकवले. प्रथम काळेच फार जमले, पण हळूहळू पांढरे वाढत गेले. आणि हे सारे गिऱ्हाइकी करता करता. आपल्या घरात चिंचोके आणि पांढरे पावटे असतातच.

एक सूचना पुरुषांना. आमच्या वस्तीत हा पाठ सुरू केला तेव्हा एका गृहस्थाने तिसऱ्याच दिवशी बायकोचे चिंचोके मोजायला घेतले. तसे करू नये. मुलांचेही मोजू नयेत. त्यांना आपले पान दाखवावे, त्यांचे मागू नये. माझी मुलगी सात वर्षांची आहे. माझ्या पानावर ‘आज वर्गात उगाच ओरडलो’ असे लिहिलेले तिने वाचले आणि विचारले, “मग उद्या त्या मुलांना सॉरी म्हणणार का?” मी म्हटले, पहिल्याच तासाला.