राज्यगीताचा मान
राजा बढे यांची रचना, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज, या त्रिवेणीतून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत घरोघर पोहोचले. शाहिरांचा जन्म १९२३ साली सातारा जिल्ह्यातील पसरणी येथे झाला. त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, १९ फेब्रुवारी २०२३ रोजी, शिवजयंतीस हे गीत राज्यगीत म्हणून अंमलात आले. त्यातील दोनच चरण स्वीकृत असून, ते १ मिनिट ४१ सेकंदांत पूर्ण होतात.

रहिमतपूर असो वा मुंबई, शाळांतून दैनंदिन सत्रापूर्वी राष्ट्रगीताबरोबर ते म्हणावयाचे आहे, राष्ट्रगीताऐवजी नव्हे. त्या वेळी सावधान उभे राहावे. आजारी व दिव्यांग व्यक्तींस सूट आहे. हा भेद शिक्षकांनी मुलांस आवर्जून समजावून द्यावा.