आईची संमती

हट्ट धरणे सोपे असते. दुसऱ्याचे मन वळविणे कठीण असते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी मुलाने आपल्या आईचे मन कसे वळविले, याची ही गोष्ट आहे.

इंग्लंडातील लेस्टर शहरी एक मराठी कुटुंब राहत होते. आई, वडील व बारा वर्षांचा मुलगा अशी घरात तीनच माणसे. मुलास प्राण्यांचे विलक्षण वेड. एके दिवशी त्याच्या शाळेत शिक्षकांनी एक पाळीव साप आणला. नारिंगी अंगावर तांबडे पट्टे असलेला तो साप मुलाच्या मनगटाला वेढा घालून स्वस्थ बसला. त्यास इंग्रजीत ‘कॉर्न स्नेक’, म्हणजे मक्याचा साप म्हणतात. तो मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. उंदरांच्या मागे तो मक्याच्या कोठारांत शिरे म्हणून हे नाव पडले, असे कोणी सांगतात. त्याच्या पोटावरील काळ्यापांढऱ्या चौकटी मक्याच्या दाण्यांसारख्या दिसतात म्हणून पडले, असे कोणी म्हणतात. हा साप बिनविषारी असल्यामुळे इंग्लंडात पुष्कळ लोक तो घरी पाळतात.

त्या संध्याकाळी मुलगा धावतच स्वयंपाकघरात आला व म्हणाला, “आई, मला साप पाळायचा आहे!”

आईचा पोळी लाटणारा हात थांबला. ती म्हणाली, “साप? या घरात? पुन्हा हा विषय काढू नकोस.”

मुलाने तो विषय रोज काढला. मित्राच्या घरी साप आहे, असे त्याने सांगून पाहिले. एक दिवस तो रुसून जेवला नाही. जसजसा त्याचा हट्ट वाढला, तसतसा आईचा नकारही पक्का होत गेला. शेवटी रागाच्या भरात तो म्हणाला, “तू अडाणी माणसासारखी भितेस!” आई काही बोलली नाही. ती उठून आतल्या खोलीत निघून गेली.

वडिलांनी मुलास जवळ बसविले.

“आठ दिवस तू सापाविषयी बोलत आहेस,” ते म्हणाले. “आई का नाही म्हणते, हे तू तिला एकदा तरी विचारलेस का? आणि आणखी एक ध्यानात ठेव. येथील २००६ सालच्या प्राणिकल्याण कायद्याप्रमाणे सोळा वर्षांखालील मुलास प्राणी विकता येत नाही. मुलाने प्राणी पाळला, तर त्याची जबाबदारी आईवडिलांवर येते. तेव्हा तू आईकडे नुसती परवानगी मागत नाहीस. तिने एक ओझे उचलावे असे म्हणतो आहेस.”

मुलगा हळूच आईच्या खोलीत गेला. “आई, तुला सापाची इतकी भीती का वाटते?” त्याने विचारले.

आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग ती सांगू लागली :

“आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातले, हे तुला ठाऊक आहेच. मला एक धाकटा भाऊ होता. तुझा मामा. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पावसाळ्याचे दिवस होते. आम्ही भावंडे माजघरात जमिनीवर अंथरुणे घालून निजलो होतो. मध्यरात्री तो उठला आणि पोटात दुखते म्हणाला. अंगावर दंशाची खूण कोणाला दिसली नाही. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागल्या; शब्द उमटेना. कोणीतरी म्हणाले, मांत्रिकाला बोलवा. त्यात दोन तास गेले. तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत उजाडले होते, आणि तो गेला होता. सकाळी त्याच्या अंथरुणाच्या वळकटीत मण्यार सापडली. मी त्याच्या शेजारीच निजले होते रे.”

मुलाच्या तोंडून शब्द फुटेना. त्यानंतर पंधरा दिवस त्याने सापाचे नावही काढले नाही. मात्र तो वाचनालयात जाऊन पुस्तके वाची व वहीत टिपणे करी. सोळाव्या दिवशी आईला उशीजवळ एक पत्र मिळाले. ते असे होते :

तीर्थरूप सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी तुला अडाणी म्हणालो, त्याची मला फार लाज वाटते. तुझी भीती खोटी नाही, हे आता मला समजले. मण्यार रात्री हिंडते. ती बहुधा निजलेल्या माणसास चावते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर प्रतिविषाची लस आहे. मामाला ती वेळेवर मिळाली असती, तर तो वाचण्याची आशा होती. मांत्रिकाजवळ विषावर उपाय नसतो.

मला हवा असलेला साप विषारी नाही. तो भक्ष्याला विळखा घालून मारतो. घाबरला तर तो चावतो आणि ओरखड्यासारखी जखम होते. हे मी तुझ्यापासून लपवीत नाही.

तो सुमारे चार फूट वाढतो आणि वीस वर्षेही जगतो. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा असेन! अठराव्या वर्षी मी शिकावयास बाहेर गेलो, तर त्याचे कोण करणार, हे मी बाबांना विचारले. त्यांनी ते काम स्वीकारले असून पत्राखाली सही केली आहे.

त्याला गोठविलेले मेलेले उंदीर खावयास लागतात. लहानपणी आठवड्यास एक, मोठेपणी दहाबारा दिवसांनी एक. ते तुझ्या स्वयंपाकघरातील फ्रीजमध्ये येणार नाहीत. गॅरेजमध्ये ठेवण्यासाठी लहानसा वेगळा फ्रीझर मी वाढदिवसाच्या पैशांतून घेईन. तेवढे पैसे साठेपर्यंत साप आणावयाचा नाही.

त्याच्या पेटीची एक बाजू सुमारे तीस अंश उष्ण व दुसरी थंड ठेवावी लागते. पेटीला कुलूप असेल. सापाच्या अंगावर रोगजंतू असू शकतात, म्हणून त्याला हात लावल्यावर प्रत्येक वेळी मी साबणाने हात धुईन.

हा साप रानातून धरून आणलेला नसेल. येथेच माणसांच्या देखरेखीखाली जन्मलेला असेल. बाबा म्हणाले की भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, धामण, अजगर यांसारखे साप पकडून पाळणे हा गुन्हा आहे. ते मला योग्य वाटते. रानातल्या सापाचे घर रानातच असावे.

एवढे वाचूनही तुझे मन घेत नसेल, तर नाही म्हण. मी रुसणार नाही.

तुझा आज्ञाधारक,
बाळ

आईने ते पत्र दोनदा वाचले. पुढच्या रविवारी ती म्हणाली, “आधी मला तो साप पाहू दे.”

तिघे साप पाळणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी गेले. आई दारातच उभी राहिली. दुरूनच तिने विचारले, “हा डोळे कसे मिटत नाही?” त्या गृहस्थांनी सांगितले, “सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यांवर पारदर्शक खवला असतो. कात टाकताना तोही निघून येतो.” तिने दुसरा प्रश्न केला, “रात्री पेटी उघडी राहिली तर?” ते म्हणाले, “तर तो निश्चित बाहेर येईल. साप लहानशा फटीतूनही निसटतो. म्हणून कुलपाची हयगय करून चालत नाही.” त्यांचे हे सरळ उत्तर आईस आवडले.

घरी आल्यावर ती मुलास म्हणाली, “माझी एक अट आहे. आधी पेटी आण, साप नको. तीन महिने रोज रात्री त्या रिकाम्या पेटीचे कुलूप आणि उष्णता पाहून वहीत लिही. एक दिवस जरी चुकलास, तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून आरंभ.”

मुलाने अट मान्य केली. एकोणिसाव्या रात्री खेळून दमलेला तो तसाच झोपी गेला. सकाळी आईने काहीच विचारले नाही. पण त्या रात्री मुलाने स्वतःहून वहीत नवे पान काढले आणि त्यावर लिहिले : ‘दिवस पहिला.’ आईने ते पान पाहिले. त्यानंतर मात्र एकही दिवस चुकला नाही.

श्रावण महिन्यात साप घरी आला. आईने अजून त्याला हात लावलेला नाही. रोज रात्री निजण्यापूर्वी ती स्वतः येऊन कुलूप ओढून पाहते. मुलाला त्याचा राग येत नाही. तो पेटीजवळून बाजूस सरून तिला जागा करून देतो. कधी कधी ती तेथेच घटकाभर बसते आणि मामाच्या लहानपणच्या गोष्टी सांगते. त्या तिने पूर्वी कधीही सांगितल्या नव्हत्या.

स्वाध्याय

शब्दार्थ : वेढा – विळखा. माजघर – घराचा मधला भाग. वळकटी – गुंडाळलेले अंथरूण. भक्ष्य – खाद्य म्हणून पकडलेला प्राणी. हयगय – निष्काळजीपणा.

१. (अ) मुलाचा हट्ट वाढला, तेव्हा आईवर कोणता परिणाम झाला?
(आ) आई फक्त परवानगी देत नसून ओझे उचलणार आहे, असे वडील का म्हणाले?
(इ) सापाचे कोणते दोष मुलाने पत्रात लपविले नाहीत? त्यामुळे काय साधले?

२. मुलाने वहीत पुन्हा ‘दिवस पहिला’ असे का लिहिले? आईने ते पाहिले नसते, तर त्याने काय केले असते, असे तुम्हांस वाटते?

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : मन वळविणे, विषय काढणे, शब्द न फुटणे, मन न घेणे.

४. पुढील वाक्याचे प्रश्नार्थक वाक्य करा, पण अर्थ बदलू देऊ नका : तुझी भीती खोटी नाही.

५. घरी ज्या गोष्टीस नकार मिळाला आहे, अशा एका गोष्टीविषयी आईस किंवा वडिलांस पत्र लिहा. लिहिण्यापूर्वी नकाराचे कारण त्यांनाच विचारा.