शब्दाच्या आधी स्पर्श
शास्त्रपाठ : मार्क ७:३१-३७



भिलाईजवळच्या चरोदा येथे रेल्वेचे मोठे यार्ड आहे. तेथील एका मराठी कुटुंबात मी काही वर्षांपूर्वी शास्त्राभ्यास घेण्यास गेलो होतो. घरात सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याला बसता येत नसे, बोललेले कळत नसे, दृष्टीही अगदी अंधूक. अभ्यास संपल्यावर आईने विचारले, "भाऊ, तुम्ही इतक्या लोकांसाठी बायबलचं भाषांतर करता, माझ्या पोराला कळेल असं कधी कराल का?" मी प्रार्थना करून निघालो. ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

मार्काच्या ज्या उताऱ्यावर मी पूर्वी काम केले होते, तोच मला पुन्हा वाचावा लागला. दकापलीस प्रांतात प्रभूकडे एका माणसाला आणतात. तो बहिरा आहे व कष्टाने बोलतो. त्याच्या बोलण्याविषयीचा 'मोगिलालोस' हा ग्रीक शब्द नव्या करारात अन्यत्र कोठेही नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तो यशया ३५:६ मध्ये आढळतो. या एका शब्दावर मी कित्येक दिवस घालविले, परंतु प्रभूच्या हातांकडे माझे लक्षच गेले नव्हते! प्रभू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर पाहून उसासा टाकतो. शब्द येतो तो सर्वांत शेवटी.

गंभीर बहुविकलांग व्यक्तींचे शिक्षकही आज याच क्रमाने जातात. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात यान हुल्सेगे व आद फेरहूल यांनी अशा व्यक्तींसाठी मंद प्रकाश, गंध, स्पर्श व संगीत यांच्या खोल्या सिद्ध केल्या. त्या पद्धतीला 'स्नूझलेन' म्हणतात. हुंगणे व पेंगणे या अर्थांच्या दोन डच शब्दांपासून हे नाव बनले. अशा खोलीला पैसा लागतो. चरोद्याच्या आईजवळ तो नव्हता. पण मालगाडी जाऊ लागली की ती मुलाचा तळहात भिंतीला टेकवी. भिंत थरथरे आणि त्याचा चेहरा उजळे.

पुढच्या भेटीत आम्ही योहान १३ घेतला. प्रथम टॉवेल त्याच्या हाती दिला. प्रत्येक वेळी तोच टॉवेल, म्हणजे गोष्ट सुरू झाल्याची ती खूण. मग त्याच्या कानाजवळ घमेल्यात कोमट पाणी ओतले, पाय भिजविला, सावकाश पुसला. वाक्ये चारच, आणि दर खेपेस तीच. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवावा. त्याचा हात धरून ओढू नये. प्रत्येक कृतीनंतर थांबावे. उत्तर उशिरा येते, आणि ते क्षणभर रोखलेला श्वास किंवा हललेले एक बोट एवढेच असू शकते. (आम्हा उपासकांना हे थांबणेच जमत नाही. जरा शांतता झाली की कोणीतरी गीत सुरू करतो.) त्याने तोंड फिरविले, अंग ताठ केले, तर तो नकार समजावा.

योहान २१ मधील निखाऱ्यांवरच्या मासळीचा गंध देता येईल. घास मात्र आईला व डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये, कारण गिळण्यास त्रास असल्यास अन्न श्वासनलिकेत जाते. फेफरे येत असल्यास लुकलुकणारे दिवे टाळावेत.

विश्वास ऐकण्याने होतो असे पौल लिहितो (रोम १०:१७), मग याचा उपयोग काय, असे एका मंडळीत मला विचारण्यात आले. मुलाला पापक्षमेचा सिद्धांत समजला असे मी म्हणत नाही. परंतु योहान आपल्या पहिल्या पत्राच्या आरंभीच ऐकण्याबरोबर पाहण्याची व हातांनी चाचपण्याची साक्ष देतो. ती साक्ष आपण या घरांच्या दाराबाहेर का ठेवावी?

पाचव्या भेटीत टॉवेल हाती येताच मुलाने उजवा पाय किंचित उचलला. आई म्हणाली, सहज हलला असेल. मीही तसेच म्हटले असते. पण पाणी अजून चुलीवरच होते.