चौथी मिती आणि दहा एकर रान

खोलीच्या कोपऱ्यात तीन रेघा एकमेकींना काटकोनात भेटतात. चौथी काटकोनी रेघ कुठे काढायची? उस्मानपुऱ्यातील कोणत्याही घरात ती सापडणार नाही. म्हणून चौथी मिती हा गणितज्ञांचा कल्पनाविलास आहे, असे आपण कलाशाखेचे विद्यार्थी सहज म्हणून जातो. परंतु स्वतंत्रपणे बदलणारी प्रत्येक संख्या ही एक मितीच होय.

समजा, एका शेतकऱ्याकडे १० एकर कोरडवाहू रान आहे. कापूस, तूर, मका आणि बाजरी यांपैकी कशाला किती एकर द्यावे, हे त्याला ठरवायचे आहे. त्याचा प्रत्येक बेत म्हणजे चार संख्या, अर्थात चतुर्मित अवकाशातील एक बिंदू. सर्व शक्य बेत मिळून एक आकृती होते. ती बहिर्वक्र असते. म्हणजे तिच्यातील कोणतेही दोन बिंदू जोडणारी रेघ तिच्याबाहेर जात नाही.

या आकृतीला पाच शिरोबिंदू आहेत: सारे रान पडीक, किंवा सारे रान चारांपैकी एकाच पिकाला. दोन शिरोबिंदू जोडले की कड, तीन जोडले की त्रिकोण, चार जोडले की चतुष्फलक ही घनाकृती. म्हणून कडा १०, त्रिकोण १०, चतुष्फलक ५; आणि ५ − १० + १० − ५ = ०. आता कापूस ४ एकरांपेक्षा जास्त लावता येत नाही, असे धरू. कापसाचे टोक कापले जाते व तेथे चार नवे शिरोबिंदू येतात. मग शिरोबिंदू ८, कडा १६, पृष्ठे १४, घनाकृती ६. बेरीज-वजाबाकी पुन्हा शून्यच! चतुर्मित बहिर्वक्र आकृतीत हा नियम मोडत नाही. अशा आकृतींपैकी संपूर्ण सुसम अशा नेमक्या सहाच, हे स्विस गणितज्ञ लुडविग श्लेफ्ली यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखविले.

प्रत्येक पिकाचा एकरी नफा ठाऊक असेल, तर सर्वाधिक नफा एखाद्या शिरोबिंदूवर मिळतोच. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ ची पद्धत कडेकडेने एका शिरोबिंदूवरून दुसऱ्यावर जाते. मिती वाढल्या की शिरोबिंदू अफाट होतात. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातील, मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये आकृतीच्या आतून जाणारी वेगवान पद्धत मांडली.

मात्र पाऊस आणि भाव आधी कळत नाहीत. म्हणूनच मराठवाड्यातील शेतकरी कापसात तुरीचे तास घालतो, बाजूला थोडी बाजरी पेरतो. गणिताच्या भाषेत तो टोक सोडून मध्ये उभा राहतो. त्याला अडाणी म्हणण्यापूर्वी ही आकृती आठवावी.