पोटऱ्या पैलवानाच्या, पण जिना चढवेना

कोल्हापुरात लहान पोराच्या पोटऱ्या भरलेल्या दिसल्या की लोक कौतुकच करतात. "ह्येला तालमीत घाला," असं आमच्या गल्लीत जो तो म्हणायचा. माझं पोरगं मात्र कठडा धरल्याशिवाय जिना चढत नव्हतं. फरशीवरून उठताना आधी ओणवं व्हायचं, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात रोवत उभं राहायचं.

एकदा तापात रक्त तपासलं, एसजीपीटी वाढलेलं निघालं आणि लिव्हरची औषधं सुरू झाली. कावीळ नाही, सोनोग्राफी साफ, तरी बाटल्या चालूच. एसजीपीटी स्नायूंतूनही रक्तात उतरतं, हे पुढे मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडून कळलं. त्यांनी पोराला खाली बसवून उठायला लावलं आणि रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंतलं एन्झाइम, तपासायला सांगितलं. शे-दोनशेच्या घरात असायचा तो आकडा हजारांत होता. जनुक तपासणीत नाव कळलं : ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू कमजोर करणारा आजार.

म्हणून सांगते, मुलगा सारखा पडत असेल, पोटऱ्या टणक असतील आणि एसजीपीटी विनाकारण वाढलेलं असेल, तर सीपीकेचं आपणहून विचारा. दवाखान्यात मूल नेमकं नीट चालतं. घरीच उठतानाचा, जिन्याचा व्हिडिओ काढून न्या. जुना एकही रिपोर्ट टाकू नका. जनुक तपासणीत आधी एमएलपीए नावाची चाचणी करतात. त्यात काही सापडलं नाही म्हणजे आजार नाही असं नव्हे. पुढची सविस्तर तपासणी उरते.

"बरं होत नाही, मग नाव कशाला?" असं विचारणारे भेटतील. नाव कळलं म्हणूनच स्टेरॉइड वेळेवर सुरू होतात, चालणं काही वर्षं टिकतं, हृदयाची तपासणी वेळच्या वेळी होते. (स्टेरॉइड मनानं एकदम बंद करायचे नाहीत.) 2016च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत हा आजार आहे. कोल्हापुरात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयात जावं लागतं. अंगणवाडी-शाळेत येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकालाही मूल दाखवा.

आणि घरात बोट आईकडेच वळतं. दोष एक्स गुणसूत्रावर असतो, मुलाला ते आईकडून मिळतं, हे खरं. पण साधारण तीनांतल्या एका मुलात तो नव्यानंच घडलेला असतो. आई वाहक निघाली, तर मावश्यांनीही, विशेषतः पुढचं मूल हवं असेल तर, जनुक सल्लागाराला भेटावं. माझ्या बहिणीला हे सांगायला घरच्यांची ना होती. मी सांगितलं.